कोर्स पूर्ण करण्याआधी तो सुरू का झाला?

"आंग दुखी ऱ्हायनं, ताप शे, दोन टाइमन्या गोळ्या द्या." बाजाराच्या दिवशी खानदेशातल्या साक्री, शहादा, पारोळा अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी औषध दुकानासमोर हे वाक्य संध्याकाळभर ऐकू येतं. दुकानदार कात्री घेतो, चार-पाच पट्ट्यांमधून एकेक-दोनदोन गोळ्या कापतो आणि कागदात बांधतो. झाली पुडी. तिच्यात बहुधा एक पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकची जोडगोळी असते, एक सर्दीची, एक अॅसिडिटीची, एक बारीक पांढरी डेक्सामेथासोनची आणि एक अँटिबायोटिक: अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम किंवा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. पट्टी कापताना नाव तुटून गेलेलं असतं. खाणाऱ्याला आपण काय खातो आहोत हे कळत नाही. दोन दिवसांनी अंगावर पुरळ उठलं तर तपासणाऱ्या डॉक्टरलाही ते कशाने उठलं हे कळायला मार्ग नसतो.

दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. ताप उतरलेला असतो पॅरासिटामॉलने, अंगदुखी थांबलेली असते डायक्लोफेनॅकने, आणि भूक लागून अंगात तरतरी आलेली असते ती डेक्सामेथासोनने, कारण ते स्टेरॉइड आहे. विषाणूचा ताप असेल तर तो तीन ते पाच दिवसांत आपणहून जाणारच होता. श्रेय मात्र मिळतं ‘भारी गोळी’ला. पुढच्या तापाला तीच मागितली जाते, नाहीतर ‘सुई’.

या सवयीवर आपल्याकडे जी जनजागृती चालते तिचा मुख्य संदेश एकच असतो: अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका. दवाखान्याच्या भिंतीवर तो रंगवलेला असतो, शिबिरांत तोच सांगितला जातो. आमचं म्हणणं असं की हा संदेश खानदेशातल्या खेड्यांपुरता तरी चुकीच्या जागी बोट ठेवतो. इथली गडबड कोर्स संपवण्यात कमी आणि सुरू करण्यात जास्त आहे. ज्या दुखण्याला अँटिबायोटिक लागतच नव्हतं, त्याचा कोर्स अर्धा घेतला तरी नुकसान आणि पुरा घेतला तर त्याहून जास्त.

हे समजायला इथल्या शेतकऱ्याला जंतुशास्त्राच्या वर्गात बसवायची गरज नाही. त्याने गुलाबी बोंडअळी पाहिली आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षं बोंडअळीची चिंताच मिटली. २०१७ च्या हंगामात वरून चांगली दिसणारी बोंडं फोडून पाहिली तर आत अळी. बीटीचं विष ज्या अळ्यांना लागू पडत होतं त्या मेल्या, ज्या थोड्यांना पडत नव्हतं त्या उरल्या, आणि शेतात त्यांचीच पिलावळ वाढली. आठवत असेल, ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं ‘रेफ्युजी’ म्हणून यायचं. ते शेताच्या कडेने लावायचं होतं. बहुतेकांनी लावलं नाही, कारण मुद्दाम अळी पोसायची ही गोष्ट कोणाच्या पचनी पडली नाही आणि नीट समजावूनही कोणी सांगितलं नाही. त्या ओळींचं काम साध्या, विषाने मरणाऱ्या अळ्या जिवंत ठेवणं हेच होतं. तगड्या अळीच्या पतंगाला साधा जोडीदार मिळावा आणि तगडेपणा पुढच्या पिढीत पातळ व्हावा, यासाठी.

आपल्या आतड्यात, घशात, कातडीवर अब्जावधी साधे जंतू राहतात. ती आपली रेफ्युजीची ओळ. सर्दीसाठी घेतलेली अझिथ्रोमायसिन सर्दीच्या विषाणूला काहीच करत नाही. ती या साध्या जंतूंना मारते. जागा रिकामी होते आणि तिथे औषधाला न जुमानणारे जंतू पसरतात. बोंडअळीला आपला तगडेपणा देण्यासाठी पुढची पिढी जन्माला घालावी लागते, जंतूंना तेवढीही वाट पाहावी लागत नाही. औषध पचवणारं जनुक ते शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. मग उघडी गटार, न धुतलेले हात आणि पाण्याचा हंडा यांतून ते घरभर जातात. ज्याने कधी गोळी खाल्लीच नाही त्याच्याही पोटात.

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटते. अँटिबायोटिक तसंच सामाईक पाणी आहे. शेजाऱ्याने रक्तदाबाची गोळी चुकीची घेतली म्हणून माझी रक्तदाबाची गोळी निकामी होत नाही. अँटिबायोटिकच्या बाबतीत होते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट झाले, असा अंदाज आहे. त्यातले जवळपास तीन लाख भारतातले.

आता त्या कोर्सबद्दल. वैद्यकशास्त्राचा कलही गेल्या काही वर्षांत बदलला आहे. पूर्वी ज्या संसर्गांना दहा-चौदा दिवस औषध दिलं जायचं, त्यांतल्या अनेकांना आता पाच-सात दिवस पुरेसे मानतात. साध्या न्यूमोनियाला पाच दिवस, स्त्रियांच्या लघवीच्या साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस. जितके दिवस जास्त, तितका आतड्यातल्या साध्या जंतूंवर मारा जास्त. याचा अर्थ रुग्णाने बरं वाटताच स्वतःच थांबावं असा नाही, किती दिवस ते डॉक्टरने ठरवायचं. पण ‘कोर्स पूर्ण केला म्हणजे आपण जबाबदारीने वागलो’ हे समाधान खोटं आहे, जर तो सर्दीसाठी होता.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नंदुरबार-धुळ्याच्या डोंगराळ भागात फार महत्त्वाचा आहे: क्षयरोग. तिथे सहा महिने म्हणजे सहा महिने, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. मध्ये सोडलं तर रोग उलटतो आणि औषधं लागू न पडणाऱ्या रूपात उलटतो. गंमत नाही, शोकांतिका अशी की क्षयाचं निदान उशिरा होण्यातही त्या पुडीचा वाटा असतो. ओफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही क्षयाच्या जंतूवरही थोडीफार चालतात. दोन आठवड्यांच्या खोकल्याला कोणी ती दिली की खोकला काही दिवस कमी होतो, बेडक्यातले जंतू घटतात, तपासणीत सापडत नाहीत, आणि महिन्याभराने माणूस पुन्हा खोकत येतो. शिवाय पहिल्या फळीची औषधं लागू न पडणाऱ्या क्षयासाठी हाच औषधांचा गट राखून ठेवायचा असतो. वरून पुडीतलं स्टेरॉइड दबलेल्या क्षयाला जागं करायला मदत करतं ते वेगळंच. म्हणून नियम सोपा ठेवावा: दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर कुठल्याही गोळीआधी बेडका तपासणीला. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर निदान काही तासांत होतं आणि सरकारी व्यवस्थेत ते मोफत आहे.

गोळी सुरू होण्याची दुसरी मोठी वाट म्हणजे ‘टायफाइड निघाला’. पावसाळ्यात कुठलाही ताप चार दिवस टिकला की विडाल टेस्ट होते आणि तिच्यात १:८० किंवा १:१६० असा आकडा आला की सलाइन आणि सेफ्ट्रिअॅक्झोन सुरू. विडाल जंतू शोधत नाही, रक्तातली प्रतिद्रव्यं मोजते. आपल्या भागात टायफाइडचा जंतू पूर्वी कधी ना कधी भेटलेला असल्याने निरोगी माणसाच्या रक्तातही ती काही प्रमाणात सापडतात. एकदाच केलेल्या विडालवरून टायफाइड ठरवता येत नाही. खरी तपासणी रक्ताच्या कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त, पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी. डोस पोटात गेल्यावर जंतू वाढत नाहीत आणि संधी गेलेली असते. तालुक्याला कल्चरची सोय नसते, हे खरं आहे. पण मलेरियाची किट आशाताईकडेही असते, डेंग्यूची तपासणी होऊ शकते, आणि ही दोन उत्तरं हातात नसताना टायफाइडचं नाव घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

जुलाबाचं तर विचारायलाच नको. लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. त्यांना लागतं ओआरएस आणि झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, जुलाब थांबले तरी पुरे चौदा दिवस. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचं, चमचा-चमचा काढून पेलाभर पाण्यात नाही. मिठाचं प्रमाण चुकलं तर तेच पाणी अपाय करतं. शौचात रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा अँटिबायोटिक लागतं आणि लगेच लागतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण नुसतं ‘अँटिबायोटिक वाईट’ असं ऐकून घरी बसणारं कुटुंबही मूल गमावू शकतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर एकीकडे नको तिथे सेफिक्झिम पोचलं आहे आणि दुसरीकडे न्यूमोनिया झालेल्या बाळाला साधं अमॉक्सिसिलिन वेळेत मिळत नाही. ही दोन दुखणी एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, मूळ एकच आहे: कोणाला लागतं हे ओळखणारं माणूस जवळ नाही. ते ओळखणं मात्र अवघड नाही. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, छाती-पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील तर तो वेगवान श्वास. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, झटके येत असतील किंवा गुंगीत असेल तर थेट रुग्णालय. नाक वाहतं आहे, खोकला आहे, पण श्वास या आकड्यांच्या आत आहे आणि मूल खातं-पितं आहे, तर अँटिबायोटिक नको. आशा आणि अंगणवाडी ताईंना हे शिकवलेलं असतं. आईला मात्र क्वचितच कोणी शिकवतं, आणि रात्री दोन वाजता श्वास मोजणार ती असते.

अँटिबायोटिक खरंच लागलं, तरी पुढे घरात काय होतं तेही पाहायला हवं. मुलांचं औषध पुष्कळदा पावडरच्या बाटलीत येतं. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पातळी खाली जाते, मग खुणेपर्यंत पुन्हा भरायचं. पुरवायला म्हणून गळ्यापर्यंत पाणी भरलं की प्रत्येक डोस पातळ होतो. गरम पाणी घातलं तर औषध बिघडतं. प्रत्येक वेळी बाटली हलवली नाही तर पहिले दिवस नुसतं गोड पाणी जातं आणि गाळ शेवटी. डोस मापाच्या टोपणाने द्यायचा, घरचे चमचे तीन मिलिलिटरचेही असतात आणि सातचेही. एकदा पाणी घातलं की साधारण सात दिवसांत संपवायचं, उरलं तर टाकायचं. फळीवर ठेवून पुढच्या महिन्याच्या तापाला वापरलेलं औषध हे औषध राहिलेलं नसतं. कॅप्सूल फोडून जखमेवर भुरभुरणं आणि तीच कोंबडीच्या पाण्यात घालणं, हेही गावोगाव चालतं आणि दोन्ही थांबायला हवं. जखमेला साबण आणि भरपूर वाहतं पाणी लागतं.

लोक असं का करतात? अज्ञान हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्यात जायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडवायची, एक आजारी आणि एक सोबत. प्राथमिक आरोग्य केंद्राची सकाळची ओपीडी मजूर शेतात असताना चालते आणि मजूर घरी येतो तेव्हा दार बंद असतं. औषध दुकान मात्र रात्री नऊलाही उघडं. दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला निघणारी कुटुंबं गाठोड्यात पट्ट्या बांधून नेतात, कारण कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, डॉक्टर येणार नसतो. हा हिशोब ज्याने मनात मांडला त्याला मूर्ख म्हणता येत नाही. त्याला दुसरा पर्याय दिला गेला नाही, एवढंच म्हणता येतं.

कायदा तसा आहे. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ परिशिष्ट, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची कडक यादी, लागू आहे. त्यातल्या औषधांची विक्री करताना दुकानदाराने चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. सेफिक्झिम त्यात आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे. अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिन मात्र त्या यादीत नाहीत, ती साध्या ‘एच’मध्ये. त्यांना चिठ्ठी लागते, पण वेगळी वही लागत नाही. पुडीत नेमकी हीच जास्त का असतात याचं एक कारण इथे आहे. जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिकचे तीन गट करते: आधी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. आपल्या पुडीतली अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, ओफ्लॉक्सासिन तिन्ही ‘जपून’ गटातली आहेत. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही ‘आधी’ गटातली. आपण क्रम उलटा करून टाकला आहे. एक हजारापर्यंत वस्तीच्या गावात किराणा दुकानदाराला विनापरवाना पॅरासिटामॉलसारखी घरगुती औषधं विकता येतात, त्या सवलतीत अँटिबायोटिक बसत नाही. तरी पाड्यावरच्या टपरीत ती मिळते.

मग केरळसारखं करावं का? तिथे जानेवारी २०२४ पासून ‘ऑपरेशन अमृत’ नावाने विनाचिठ्ठी विक्रीवर छापे सुरू झाले आणि अँटिबायोटिक निळ्या पाकिटातून देण्याची पद्धत आणली गेली. निळं पाकीट उद्या सकाळी खानदेशात आणावं. कापलेल्या पट्टीची मिसळ पुडी बंद व्हावी, अँटिबायोटिक नेहमी वेगळ्या पाकिटात, नाव आणि डोस मराठीत लिहून, पट्टीवरची जाडसर लाल रेघ दिसेल अशी दिली जावी. याला पैसा लागत नाही. छाप्यांबद्दल मात्र आमचा सावध विरोध आहे. केरळात संध्याकाळी उघडा सरकारी दवाखाना आधी उभा राहिला होता. धडगावात तो नसताना दुकानावर कुलूप लावलं तर माणूस पायरी उतरून टपरीकडे आणि बोगस डॉक्टरकडे जाईल. सुई तर तिथेच सर्वांत स्वस्त.

अन्न व औषध प्रशासनाला छाप्यांपेक्षा सोपं आणि परिणामकारक काम करता येईल: बेरीज. ठोक विक्रेत्याच्या बिलावरून एखाद्या दुकानाने महिन्यात सेफिक्झिमच्या किती गोळ्या घेतल्या ते काढायचं, शिल्लक साठा वजा करायचा आणि एच-१ वहीतल्या नोंदींशी ताडून पाहायचं. दोनशे पट्ट्या आल्या, वीस शिल्लक, आणि वहीत पंधरा नोंदी असतील तर पुढे काही सिद्ध करायचं उरत नाही. एक निरीक्षक एका दिवसात सहज दोन-तीन दुकानं तपासू शकतो. आणि धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या प्रयोगशाळांत येणाऱ्या लघवी, रक्त, पू यांच्या कल्चरवरून आपल्या जिल्ह्यात कुठला जंतू कुठल्या औषधाला किती टक्के दाद देतो, याचं एक पान दरवर्षी काढून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि खाजगी डॉक्टरला पाठवलं पाहिजे. आज खेड्यातला प्रामाणिक डॉक्टरही कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलेल्या माहितीवर औषध निवडतो, कारण दुसरी माहिती त्याच्यापर्यंत येत नाही.

शेताकडेही पाहायला हवं. कापसावरच्या जिवाणूजन्य करप्यासाठी दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि १ ग्रॅम स्ट्रेप्टोसायक्लिन ही फवारणी इथे पाठ असते. सहा ग्रॅमच्या त्या पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं टोचलेलं इंजेक्शनचं औषध. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या त्याच्या वापरावर बंदीचा मसुदा काढला होता. करप्यासाठी रोगमुक्त बियाणं, पऱ्हाट्या शेतात न ठेवणं आणि नुसतं कॉपर ऑक्सिक्लोराइड हे मार्ग आहेत. नवापूरच्या कोंबडीपालनाला २००६ मध्ये बर्ड फ्लूने काय फटका दिला हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो विषाणू होता, कुठल्याही अँटिबायोटिकने थांबला नसता. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचं राखीव औषध, कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवायला वापरलं जायचं. त्यावर २०१९ मध्ये बंदी आली, ती खाद्य विक्रेत्यांच्या पोत्यावरच्या लेबलांपर्यंत पोचली का हे पाहणं पशुसंवर्धन विभागाचं काम. कासदाहासाठी सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध लेबलवर लिहिलेले दिवस डेअरीला घालायचं नाही, हेही संकलन केंद्राच्या दारावर लिहिता येईल.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या वेळी पावसाळी तापाचा हंगाम ऐन भरात असतो. त्या सभेत दोन मागण्या लेखी ठरावात याव्यात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवडी बाजाराच्या दिवशी रात्री आठपर्यंत ओपीडी चालावी. आणि दाराबाहेर फळा असावा, त्यावर अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, ओआरएस, झिंक आणि मलेरिया किट यांची आजची शिल्लक खडूने लिहिलेली असावी, रोज सकाळी पुसून नव्याने.